पाऊणकीचं पाणी

आंबेनळीचा घाट उतरून तुम्ही कापड्यात येता, तेव्हा पायाखाली डांबर नसतं. लाल धूळ, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कडेला करवंदीच्या जाळ्या. खाली रानबाजिऱ्याचं धरण अजून व्हायचं आहे. मे महिन्यातली सावित्री डोहाडोहांत तुटून पडली आहे आणि डोहांत म्हशी बसल्या आहेत. आज गुरुवार, १२ मे १९३८. जिल्ह्याचं नाव कुलाबा. मुंबईच्या गिरण्यांतले चाकरमानी लग्नसराईला घरी आलेत, रानातल्या राबाची राख अजून काळी आहे, आणि तुमच्या अंगात धोतर, कोट, डोक्याला काळी टोपी. लोकल बोर्डाच्या शाळेतले तुम्ही धाकटे गुरुजी. देवळासमोर दोन गाड्या जुंपलेल्या. एकीत मोठे गुरुजी चढून बसलेत, दुसरीत नऊ पोरं दाटीवाटीने. सहावी-सातवीतली. कुणाच्या फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या, कुणाच्या पिशवीत सुकट, एकाच्या कडेवर फणस.

कुठं निघालात, हे गावाला नीटसं पटलेलं नाही. डोंगरातल्या पोरांना शिडाची होडी कशाला? आयांच्या मनात वेगळंच आहे. १९२७च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी वादळात बुडाल्या, त्याला अजून अकरा वर्षं झालेली नाहीत. मुंबईला नोकरीला असलेलं माणूस याच पाण्याच्या वाटेने येतं-जातं, म्हणून घाटाखालच्या प्रत्येक घरात ती नावं माहीत आहेत. तुम्ही प्रत्येक आईला एकच गोष्ट सांगितली आहे: उघड्या समुद्रात जायचं नाही, बाणकोट खाडीच्या तोंडापर्यंतच.

हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं ते वर्ध्यामुळे. गेल्या ऑक्टोबरात गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद भरवली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, फेब्रुवारीत हरिपुऱ्याच्या काँग्रेसने तो उचलून धरला. मुलांनी हाताच्या उद्योगातून शिकावं. सगळीकडे टकळीची चर्चा चालू आहे. तुम्ही मात्र विचारलंत, आपल्या खोऱ्याचा उद्योग कोणता? तांदूळ खाली जातो, घाटावरचा हिरडा जातो, लाकूड-कोळसा जातो. मीठ, नारळ, कौलं, सुकी मासळी वर येते. हे सगळं खाडीने येतं-जातं. शंभर वर्षांपूर्वी महाबळेश्वरला हवा खायला निघालेले मुंबईचे साहेबसुद्धा गलबताने बाणकोटला येत, खाडीने आत शिरत आणि पालखीत बसून पार घाट चढत. कापड्याची नदी हीच ती खाडी, फक्त वरच्या टोकाची. आणि शाळेतल्या एकाही पोराने भरतीचं पाणी पाहिलेलं नाही. मोठ्या गुरुजींनीही नाही. तुम्हीही नाही.

गाड्या रात्रभर चालतात. पोलादपूर मागे पडतं, चांदणं पिठासारखं, त्रयोदशीचं. पहाटेच्या सुमाराला महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा दगडी पूल लागतो. १९२८चा, दहा वर्षांचा पूल म्हणजे नवाच. पोरं गाडीतून उड्या मारून कठड्याशी जातात, खाली वाकून ओरडतात, कमानींतून आवाज परत येतो. तुम्ही मात्र पुढच्या काळातून आलेले आहात. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुराच्या पाण्यात हा पूल एसटीच्या बसगाड्यांसकट जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पोरांना कठड्यावरून मागे ओढता, जरा जास्तच जोराने. ती चकित होऊन बघतात. सांगणार काय त्यांना?

महाडात गाड्या चवदार तळ्यापाशी थांबतात, कारण पडावावर, त्या शिडाच्या होडीवर, न्यायची पाण्याची घागर भरायची आहे. नवांपैकी दोन पोरं महारवाड्यातली. शाळेत ती अजून वेगळी बसतात. बदल व्हावा म्हणून तुम्ही वर्षभर धडपडताय आणि गाव तुम्हाला हळू चला म्हणतंय. २० मार्च १९२७ला याच पायऱ्या उतरून बाबासाहेब आंबेडकरांनी हे पाणी ओंजळीत घेतलं. गेल्या वर्षी, १७ मार्च १९३७ला, मुंबईच्या हायकोर्टाचा निकालही लागला. कायद्याने प्रश्न मिटला आहे. घाटावर धुणं धुणाऱ्यांच्या नजरेत तो मिटलेला नाही. तुम्ही घागर त्या दोघांच्या हातात देता. ती खाली उतरतात, बुडबुड आवाज करत घागर भरते, वर येते. मग मोठे गुरुजी पुढे होतात. पन्नाशीचा माणूस, शेंडी-जानव्याचा, वर्षभर तुम्हाला ‘हळू चला’ म्हणणाऱ्यांतला. ते तांब्या बुडवून पहिलं पाणी स्वतः पितात आणि तांब्या शेजारच्या पोराकडे सरकवतात. एक शब्द बोलत नाहीत. पुढचे तीन दिवस त्या एकाच घागरीतून सगळे प्यायले. हे वाचायला सोपं वाटेल. त्या पायऱ्यांवर, त्या सकाळी, ते सोपं नव्हतं, आणि तांब्या हातात आल्यावर सातवीतल्या एका पोराचा हात कसा अडखळला हे तुम्ही जवळून पाहिलं. तो प्यायला. तहान लागली होती.

गांधारपाल्याची लेणी डोंगराच्या कुशीत दिसतात. मोठे गुरुजी बोट दाखवून सांगतात की तिथल्या शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराचं दान नोंदलेलं आहे, अठराशे वर्षांमागचं. नदीकाठच्या कातळात एवढं कोरायला पैसा आला कुठून, असं एक पोरगं विचारतं. उत्तर खाली दिसायला लागलेलं आहे: डोलकाठ्या.

दासगावच्या धक्क्यावर उतरलात तेव्हा दुपार कलली आहे आणि समोर पाणी नाहीच. नुसता चिखल, चकचकीत, खेकड्यांच्या भोकांनी भरलेला, आणि त्यात कलून बसलेला तुमचा पडाव. पोरांची तोंडं उतरतात. तांडेल हसतो. साठीच्या पुढचा, दाढी पांढरी, तळहात दोराने घासून गुळगुळीत झालेले. त्याचं बोलणं थोडकं.

‘पाणी गेलंय, गुरजी. येईल. तंवर पडाव बगून घ्या. पाण्यात असला की निम्मा दिसत न्हाई.’

आणि खरंच, शिकायला याहून चांगली वेळ नाही. तुम्ही अकराजण गुडघाभर चिखलात उभे राहून पडावाचं पोट बघता. पुढची नाळ, मागचं सुकाणू, तळाची लांब कणा-लाकडं, फळ्यांच्या सांध्यांत ठासलेला कापूस. वर डोलकाठी, जरा पुढे झुकलेली, आणि तिला तिरपं टांगलेलं लांबच लांब परबाण; त्याला गुंडाळलेलं तिकोनी शीड. तांडेल एका वेळी एकच नाव सांगतो आणि हात लावायला लावतो. आधी पोरांना, मग मोठ्या गुरुजींना, मग तुम्हाला. वर्गात तुम्ही सांगता आणि पोरं म्हणतात. इथे तो सांगतो आणि तुम्ही पोरांच्या सुरात म्हणता. पहिल्या दोन नावांना लाज वाटते. तिसऱ्याला वाटत नाही.

याच धक्क्यावर २५ डिसेंबर १९२७ला बाबासाहेब मुंबईहून आगबोटीने येऊन उतरले होते, महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी. तुम्ही ते सांगायला तोंड उघडता, तर महारवाड्यातला धाकटा पोरगाच सगळ्यांना सांगू लागतो. त्याचा चुलता त्या दिवशी इथे उभा होता. तुम्ही गप्प राहून ऐकता.

मग संध्याकाळी ती गोष्ट घडते, जिच्यासाठी मला तुम्हाला या वर्षात आणायचं होतं.

भरती कधी येणार, असं पोरं सारखी विचारतात. तांडेल अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवतो, ओठ हलवतो. ‘आज चतुर्दशी ना? मग साडेदहाच्या सुमाराला तोंडाशी पूर भरंल.’ मोठे गुरुजी दचकतात. त्यांनी आयुष्यभर पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे घोकून घेतले आहेत. ‘काय केलंत तांडेल? चौदाची पाऊणपट?’ तांडेल मान डोलावतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो; त्याच्या बापाने त्याला पेरांवर शिकवलं, पाढा म्हणून नव्हे. मोठे गुरुजी तिथेच, चिखलाच्या काठावर, काडीने मांडू लागतात. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. भरती चंद्रामागे चालते. पन्नास मिनिटं म्हणजे पाऊण तासाहून अगदी थोडी जास्त. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पोरांना काही समजावावं लागत नाही. ती पाऊणकी म्हणत सुटतात, आणि दर ओळीला आता खाडीत पाणी चढतंय. जो पाढा छडीच्या धाकाने पाठ केला, कधी कुठे उपयोगी पडेल असं ज्याच्याविषयी कुणाला वाटलं नव्हतं, तो या किनाऱ्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या वापरत होते. शाळा ते विसरली होती.

‘पण हा हिशोब बाणकोटचा,’ तांडेल म्हणतो. ‘पाणी तितून चालत येतं. हितं दासगावला उशीर. महाडला आनखी उशीर. आन पुनवेचं पाणी भराभर येतं, अष्टमीचं भांगाचं पाणी आळशी. त्ये तुमच्या पाढ्यात न्हाई.’

मोठे गुरुजी काडी खाली ठेवतात. ‘मग ते कसं शिकायचं?’

‘हितं बसून.’

म्हणून तुम्ही बसता. उंच पोरगं चिखलात एक काठी रोवून तिच्यावर वीत-वीत खुणा करतं. रात्री नऊच्या सुमाराला पाणी पहिल्या खुणेला लागतं. उधाणाची भरती किती झपाट्याने चढते ते बघत राहावंसं वाटतं. चिखल गेला, खेकडे गेले, पडाव हलका झाला, सरळ झाला, हळूच डोलला. साडेदहा वाजले तरी पाणी चढतंच आहे. अकरा. मोठे गुरुजी खिशातलं घड्याळ कंदिलाशी धरून वेळा सांगतात, तुम्ही वहीत लिहिता, पोरं काठीवरच्या खुणा ओरडतात आणि तांडेल काठीकडे न बघताच पाण्यावरचा पालापाचोळा कधी थांबतो ते बघतो. मध्यरात्र उलटते तेव्हा पाचोळा थांबतो, क्षणभर जागच्या जागी फिरतो आणि तोंडाकडे निघतो. ‘चला,’ तांडेल म्हणतो.

दोन खलाशी, तांडेल आणि तुम्ही अकरा. आधी काठीने रेटत खोल पाण्यात, मग जमिनीवरून येणारा मतलई वारा आणि खाली ओढणारी ओहोटी. परबाण वर चढवायचं काम सगळ्यांचं. दोराला रांग लागते, तांडेल हाक देतो, सगळे ओढतात. काळोखात पुढे कोण, मागे कोण कळत नाही. तुमच्या पुढच्या हातांना घामाचा वास आहे आणि ते पोराचे आहेत की मोठ्या गुरुजींचे, हे तुम्हाला सांगता येत नाही. शीड उघडतं, फडफडतं, भरतं. पडाव पाण्याला कापू लागतो आणि एकदम शांतता होते.

आंबेत आणि म्हाप्रळ दोन्ही काठांना कंदिलांच्या ठिपक्यांनी जातात. पूल नाहीत; इथून तिथून माणसं तरीने जातात. पोरं सुपाऱ्यांच्या पोत्यांवर झोपलेली. तुम्हाला झोप नाही.

शनिवार उजाडतो तो बाणकोटसमोर. खाडी रुंद झाली आहे, डावीकडे टेकडीवर हिंमतगड. १७५६च्या तहाने पेशव्यांनी तो इंग्रजांना दिला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. उजवीकडे बागमांडल्याची वाळू, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, त्यावर लाटा पांढऱ्या फुटतात. तांडेल बोटाने दाखवतो: त्याच्या अलीकडेच राहायचं. दिवसभर.

शिकणं असं असतं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते, हे सांगायला एक वाक्य लागतं आणि अंगात भिनायला सकाळ जाते. पडाव लगेच वळत नाही. वळू लागला की लगेच थांबतही नाही. म्हणून वळण पुरं व्हायच्या आधीच दांडा परत आणायचा. किती आधी? तांडेल उत्तर देत नाही, फक्त त्याचा हात तुमच्या हातावर ठेवतो. शीड फडफडलं म्हणजे वारा निसटला. दोर खेचा किंवा नाळ फिरवा. दोर गच्च खेचला तर पडाव कलतो आणि चालत नाही. सैल सोडला तर शीड नुसतं कपडे वाळत घातल्यासारखं लोंबतं. वाऱ्याच्या थेट तोंडावर पडाव जात नाही, हे पोरांना पटतच नाही. मग तिरपं जायचं, एकदा या अंगाने, एकदा त्या, नागमोडी. दिशा बदलताना वाऱ्याला पाठ देऊन गोल फिरायचं आणि तेवढ्यात ते अवजड परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं. यात चार हात चुकले की शीड डोलकाठीला गुंडाळतं.

पहिल्या वेळी गुंडाळलंच. तांडेलाने ज्याचा हात सुटला त्याला ‘अरे, दोर!’ म्हणून खडसावलं. ते मोठे गुरुजी होते. पोरांचे श्वास अडकले. मोठ्या गुरुजींनी दोर पकडला आणि विचारलं, ‘परत करायचं का?’ परत केलं. मला वाटतं, त्या नऊ पोरांनी त्या सुटीत जे काही पाहिलं त्यात हे सगळ्यात मोठं होतं. छडी हातात असलेला माणूस खडसावला गेला, रागावला नाही, आणि पुन्हा शिकायला उभा राहिला. गुरुजींना शिकताना बघणं ही शाळेत मिळणारी सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. आपण शिक्षकांना नेहमी शिकून झालेल्या अवस्थेत पोरांपुढे उभं करतो.

दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला, तेव्हा परबाण एका दमात पलीकडे गेलं. कुणी हाक दिली नाही.

रात्री नांगर टाकून भात आणि मासळीचं कालवण. मोठे गुरुजी मुंबई बंदरात माझगावसमोर उभ्या असलेल्या ‘डफरीन’ची गोष्ट सांगतात. १९२७पासून त्या जहाजावर हिंदी मुलांना दर्यावर्दी अधिकारी व्हायचं शिक्षण मिळतं. पोरं डोळे विस्फारून ऐकतात. मग एकजण फी विचारतो आणि विषय तिथेच संपतो. ‘डफरीन’ने देशाला फार चांगले कप्तान दिले. पण बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर अशा खाड्यांमागून खाड्या असलेल्या या किनाऱ्यावर गरिबांच्या शाळांनी शीड कधी अभ्यासात घेतलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बंदर मुंबईत, अधिकारी मुंबईत, आणि खाडीकाठच्या पोरांना फक्त खलाशाची जागा.

तुम्हाला पुढचंही माहीत आहे. १९५२मध्ये एनसीसीची नौदल शाखा सुरू होईल; किनाऱ्यावरच्या कॉलेजांतली मुलं व्हेलर नावाच्या शिडाच्या होड्यांतून जातील, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्राध्यापकही गणवेश घालून असतील. त्यानंतर कितीतरी वर्षांनी गोव्यात रत्नाकर दांडेकर नावाचे बोटबांधणीवाले आणि नौदलातले दिलीप दोंदे ‘म्हादेई’ बांधायला घेतील. तशी शिडाची नौका दांडेकरांनी आधी बांधलेली नसेल, आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा दोंद्यांनी केलेली नसेल. दोघं शेजारी उभे राहून शिकतील. १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघालेले दोंदे २२ मे २०१०ला मुंबईत परततील, असं करणारे पहिले भारतीय. हे यातल्या कुणाला सांगता येत नाही. पण पोरं झोपल्यावर तुम्ही तांडेलाला सहज विचारता, ‘एकटा माणूस शिडावर जगाला फेरी मारेल का?’

तो विचार करतो. ‘पानी किती न्यायचं, यावर हाय.’

रविवारी प्रतिपदा. पाऊणकीने पाऊण, म्हणजे पाऊण वाजता तोंडाशी पूर. सकाळी पाणी आत वळल्यावर नांगर उचलायचा, दुपारी पाठीशी समुद्राचा वारा, आणि पाण्याबरोबरच वर चढत दासगाव. हा सगळा बेत पोरांनी केला आहे. आदल्या दोन दिवसांच्या नोंदींवरून दासगावचा उशीर त्यांनी वहीत धरला आहे आणि तांडेलाने तो ऐकून फक्त ‘थोडा जास्त धरा, वारा आज मागून हाय तरी’ असं म्हटलं. सुकाणूवर पाळीपाळीने सगळे बसतात. महारवाड्यातला थोरला आंबेतपासून पुढच्या वळणापर्यंत बसतो. मध्ये गाळाचा उथळ पट्टा आहे, आणि तो पाण्याचा रंग बघून पडाव बाहेरच्या अंगाने काढतो. तांडेल उठत नाही. शेजारी बसून विडी ओढतो. त्यानंतर तुमची पाळी. त्या पोराच्या मानाने तुमच्या हातात पडाव जास्त वाकडातिकडा चालतो, आणि तो पोरगा तुम्हाला सांगतो, ‘गुरजी, आदी परत आना दांडा. वळायच्या आदी.’

तुम्ही आणता.

दासगावला धक्का पाण्याने काठोकाठ आहे. काठीवरची वरची खूण बुडालेली. उतरताना पडाववाल्यांची लगबग वेगळीच आहे: आगोटीचे दिवस, पावसाआधी मीठ आणि सुकी मासळी गावोगाव पोचवायची, मग पडाव ओढून काठावर घ्यायचा, झाकायचा, नारळी पौर्णिमेपर्यंत.

गाड्या जुंपल्या जातात तेव्हा तांडेल एक मळकं पाकीट घेऊन येतो. बंदरखात्याचे कागद. त्याला वाचता येत नाही. दर वर्षी कुणाला तरी पैसे देऊन वाचून घेतो आणि काय लिहिलंय याची खात्री कधीच नसते. मोठे गुरुजी धक्क्यावर मांडी घालून बसतात, ओळ न् ओळ वाचतात, एक अर्ज लिहून देतात. तांडेल पैसे काढतो, ते घेत नाहीत.

‘पावसात पडाव वर असतो,’ तांडेल सांगतो. ‘चार म्हैने हाताला काम न्हाई. दोन अक्षरं शिकून हुतील का हो, या वयात?’

मोठे गुरुजी तळहातावरचे दोराने आलेले फोड बघत सांगतात की शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते, कापड्यात उतरायला घर आहे, आणि पहिल्या बाकावर बसावं लागेल.

‘पोरांच्या बरुबर?’

‘आम्ही नाही का बसलो?’ असं म्हणून ते गाडीत चढतात, आणि मागच्या गाडीतलं कुणीतरी ओरडून विचारतं की षष्ठीला साडेचार, तर महाडला किती.